कोअर जावा येतं पण वेबमध्ये मेन मेथडच सापडत नाहीये, आधी सर्व्हलेट शिकू की थेट स्प्रिंग बूट?

नांदेडी_जावा:
नमस्कार मंडळी, मी एमसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. बीएस्सीला कोअर जावा नीट झालंय, कलेक्शन, एक्सेप्शन, थोडेफार थ्रेड, आणि जेडीबीसीने मायएसक्यूएल जोडून कन्सोलवर चालणारा एक प्रोग्रॅमपण केलाय. आता या सेमला वेब आलंय आणि मिनी प्रोजेक्टसाठी मी आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तक नोंदणी घेतलीय, कारण तिथलं रजिस्टर मी लहानपणापासून बघतोय, एकच पुस्तक तीन ठिकाणी तीन नावांनी लिहिलेलं असतं आणि कोणाकडे गेलंय ते कुणालाच सांगता येत नाही, ते मला खरंच सुधारायचंय.

अडचण अशी आहे की मला सुरुवातच कळत नाहीये. आतापर्यंत जो प्रोग्रॅम लिहिला त्यात मेन होतं, मेनपासून एकेक ओळ खाली जायची, स्कॅनर थांबायचा, मी टाइप केलं की पुढे सरकायचं. इथे सर्व्हलेट (ब्राउझरच्या विनंतीला उत्तर देणारा जावा क्लास) लिहायचं तर एक क्लास लिहा, एचटीटीपीसर्व्हलेट एक्स्टेंड करा, डूगेट लिहा एवढंच सांगतात. पण डूगेटला कॉल कोण करतंय? ऑब्जेक्ट कोण बनवतंय, न्यू तर कुठेच लिहिलेलं नाही. वर्गातले दोघं डायरेक्ट स्प्रिंग बूटवर (जावात वेब अ‍ॅप झटपट उभारायचं तयार फ्रेमवर्क) गेलेत, त्यांचं चालतंय, पण कसं चालतंय विचारलं तर ते अ‍ॅनोटेशन (क्लासवर लावायची @ वाली खूण) लावलं की होतं असं म्हणतात आणि मला त्याने समाधान होत नाही.

दुसरं म्हणजे एका जुन्या व्हिडिओवरून (बहुतेक २०१७ चा आहे) एक सर्व्हलेट लिहिलं. कंपाइल होतं, एरर एकपण नाही, टॉमकॅट १० (सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर) सुरू होतो, लोकलहोस्ट ८०८० वर त्याचं मांजराचं पान दिसतं, पण माझ्या पत्त्यावर गेलं की ४०४, म्हणजे पान सापडलं नाही. स्पेलिंग दहा वेळा बघितलं. दोन दिवस गेलेत. कोणीतरी सांगा प्लीज.

हिंजवडी_लोकल:
भावा सरळ सांगतो, स्प्रिंग बूट घे. ते २०१४ ला आलं आणि तेव्हापासून नवीन प्रोजेक्टमध्ये हाताने सर्व्हलेट लिहिताना मी तरी कोणाला बघितलं नाहीये, इंटरव्ह्यूला पण बूट, रेस्ट, जेपीए हेच विचारतात. तुझ्याकडे सेमिस्टरचे चार महिने आहेत त्यातला एक महिना वेब डॉट एक्सएमएल (सेटिंगची फाइल) आणि जेएसपीत (एचटीएमएलमध्ये जावा लिहायची जुनी पद्धत) गेला तर प्रोजेक्ट अर्धवट राहील. आधी चालणारं काहीतरी कर, दिसायला लागलं की हुरूप येतो, मग आत डोकाव. मी पण तसंच शिकलो.

अबोली:
@नांदेडी_जावा, तुझा पहिला प्रश्न फार चांगला आहे आणि तो सोडू नकोस. मेन आहे. फक्त ती तुझ्या क्लासमध्ये नाही, टॉमकॅटमध्ये आहे. टॉमकॅट हा स्वतःच एक जावा प्रोग्रॅम आहे, त्यात बूटस्ट्रॅप नावाचा क्लास आहे आणि त्यात तुझ्या ओळखीची पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन आहे. तू स्टार्टअपची फाइल चालवतोस तेव्हा तीच चालते. मग तो ८०८० पोर्ट उघडून बसतो, वेबअ‍ॅप्स फोल्डरमध्ये कोणकोणती अ‍ॅप्लिकेशन आहेत ते बघतो, त्यातले क्लास वाचतो, कुठल्या पत्त्यासाठी कुठलं सर्व्हलेट याची यादी करून ठेवतो. तुझ्या सर्व्हलेटचा ऑब्जेक्टपण तोच बनवतो, न्यू तू लिहायचं नसतं ते म्हणून.

आमच्याकडे पिठाची गिरणी होती त्यामुळे मला हे त्या उदाहरणाने लगेच पटलं होतं. गिरणीची मोटर सकाळी एकदा सुरू होते आणि चालूच असते. लोक डबा घेऊन येतात, डब्यावर चिठ्ठी असते की ज्वारी आहे, जाडसर हवंय. तो डबा म्हणजे रिक्वेस्ट. पीठ भरून परत जातो तो रिस्पॉन्स. तू मोटर चालू करणारा नाहीस, तू फक्त "ज्वारी आली तर काय करायचं" एवढं लिहून ठेवलंयस, ते म्हणजे डूगेट किंवा डूपोस्ट. सर्व्हलेट यायच्या आधी सीजीआय होतं, त्यात दर गिऱ्हाइकाला मोटर नव्याने सुरू करायची आणि डबा दिला की बंद, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला नवीन प्रोसेस. १९९७ च्या सुमारास सनने सर्व्हलेट आणलं त्यातली मोठी गोष्ट हीच होती की जेव्हीएम एकदाच चालू राहतं आणि प्रत्येक रिक्वेस्टला फक्त एक थ्रेड लागतो.

आता हे माझ्या शब्दावर ठेवू नकोस, डोळ्याने बघ. तुझं सर्व्हलेट एकदा चालायला लागलं की डूगेटच्या पहिल्याच ओळीत मुद्दाम रनटाइमएक्सेप्शन फेक आणि ब्राउझरवर काय येतं ते न बघता कन्सोलवरचा अख्खा स्टॅक ट्रेस (कोणी कोणाला कॉल केलं त्याची यादी) घे आणि खालून वर वाच. सगळ्यात खाली थ्रेडचं रन, त्याच्या वर टॉमकॅटचे क्लास, त्यात एचटीटीपी इलेव्हन प्रोसेसर दिसेल जो ब्राउझरकडून आलेला मजकूर फोडतो, मग कोयोटी अ‍ॅडॅप्टर, मग होस्ट, कॉन्टेक्स्ट, रॅपर असे एकेक व्हॉल्व, मग फिल्टर चेन, मग एचटीटीपीसर्व्हलेटचं सर्व्हिस, आणि सगळ्यात वर तुझं डूगेट. तुला कॉल कोण करतंय याचं उत्तर त्या तीस-चाळीस ओळींत नावानिशी लिहिलेलं असतं. सर्व्हिस ही मेथड रिक्वेस्ट गेट आहे की पोस्ट ते बघते आणि त्याप्रमाणे डूगेट नाहीतर डूपोस्टला बोलावते, आणि तू डूपोस्ट लिहिलंच नसेल तर ४०५ पाठवते. ४०५ आला म्हणजे पत्ता बरोबर आहे, मेथड चुकलीय, हे लक्षात ठेव, खूप वेळ वाचतो.

४०४ बद्दल खाली लिहिते, आत्ता स्टँडअपला जायचंय.

बिल्ड_फेल:
४०४ चं मी सांगतो, ताई येईपर्यंत. तुझ्या फाइलच्या वर इम्पोर्ट बघ. जावाएक्स डॉट सर्व्हलेट असं आहे ना? टॉमकॅट १० ला ते नाव माहीतच नाही. त्याला जकार्ता डॉट सर्व्हलेट पाहिजे.

अबोली:
बिल्ड_फेलनी बरोबर पकडलं. यामागची गोष्ट थोडी सांगते कारण ती कळली नाही तर हा प्रॉब्लेम परत परत चावतो. एंटरप्राइज जावा आधी सनचं, मग २०१० मध्ये ओरॅकलने सन घेतली तेव्हा त्यांचं झालं, आणि २०१७ मध्ये ओरॅकलने ते एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं. कोड दिला पण जावा हे नाव ट्रेडमार्क असल्याने दिलं नाही, आणि जावाएक्स या पॅकेजखाली नवीन बदल करायलाही परवानगी मिळाली नाही. म्हणून नाव झालं जकार्ता ईई, आणि डिसेंबर २०२० ला आवृत्ती ९ आली त्यात सगळी पॅकेज जावाएक्सची जकार्ता झाली. (जकार्ता हे जावा बेटावरचं शहर, आणि अपाचेमध्ये टॉमकॅट पूर्वी ज्या प्रोजेक्टखाली होता त्याचंही नाव जकार्ताच होतं, म्हणून मला ते नाव आवडतं.) टॉमकॅट ९ पर्यंत जावाएक्स, १० पासून जकार्ता.

तुझं कंपाइल का झालं, तर व्हिडिओ बघून पॉम फाइलमध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्ररींची यादी) तू जावाएक्सची जुनी सर्व्हलेट जार टाकलीस. कंपायलर खूश. पण चालवताना टॉमकॅट १० तुझ्या क्लासवर जकार्ताचं वेबसर्व्हलेट अ‍ॅनोटेशन शोधतो, त्याला जावाएक्सचं दिसतं, ते त्याच्या दृष्टीने कुठलंतरी भलतंच अ‍ॅनोटेशन आहे, म्हणून तो तुझ्या क्लासला सर्व्हलेट समजतच नाही आणि गप्प पुढे जातो. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, नुसता ४०४. दोन दिवस जाणारच यात, तुझं काही चुकलेलं नाही.

दोन मार्ग आहेत. टॉमकॅट १० ठेवायचा असेल तर पॉममध्ये जकार्ताची सर्व्हलेट डिपेंडन्सी टाक आणि इम्पोर्ट बदल, किंवा व्हिडिओ जसाच्या तसा करायचा असेल तर टॉमकॅट ९ डाउनलोड कर. आणि कुठलंही घेतलंस तरी त्या डिपेंडन्सीचा स्कोप प्रोव्हायडेड ठेव, म्हणजे ती जार कंपाइलपुरती वापरली जाते आणि वॉर फाइलमध्ये (टॉमकॅटवर टाकायचा तुझ्या अ‍ॅपचा गठ्ठा) जात नाही, कारण चालवताना टॉमकॅटकडे स्वतःची असतेच.

@हिंजवडी_लोकल, तुमच्याशी मी अर्धीच सहमत आहे. नोकरीत बूटच लागणार हे खरं. पण त्याने एक महिना द्यावा असं मी म्हणतच नाहीये, चार-पाच दिवस पुरतात. जेएसपीची सगळी टॅग पाठ करायची नाहीत, वेब डॉट एक्सएमएल एकदा बघून ठेवायचं, कारण २००९ च्या सर्व्हलेट ३ पासून अ‍ॅनोटेशनवर काम भागतं. एक फॉर्म, एक सर्व्हलेट, एक यादी दाखवणारं पान, एक लॉगिन सेशनसकट, बस. एवढं हाताने केलेला मुलगा आणि न केलेला मुलगा मला टीममध्ये दोन आठवड्यांत ओळखू येतात, कारण बूट बिघडतं तेव्हा जे काही स्क्रीनवर येतं ते सगळं सर्व्हलेटच्या भाषेत असतं.

हिंजवडी_लोकल:
चार-पाच दिवस म्हणताय तर मला मान्य आहे, मला वाटलं तुम्ही त्याला सगळं जुनं पुस्तक वाचायला लावताय. आमच्याकडे कॉलेजला स्ट्रट्ससकट सगळं शिकवलं होतं आणि शेवटी प्रोजेक्ट कुणाचाच झाला नव्हता, म्हणून बोललो.

नांदेडी_जावा:
चाललं!!! इम्पोर्ट बदलले, पॉम बदललं, पहिल्या फटक्यात पान आलं. अबोली ताई, बिल्ड_फेल दादा, खूप खूप आभार. आणि तो एक्सेप्शन फेकायचा प्रयोग पण केला, प्रिंट काढून वहीत चिकटवलाय, खालून वर वाचताना पहिल्यांदा असं वाटलं की कुणीतरी दार उघडून आतलं घर दाखवलं. बेचाळीस ओळी आहेत, त्यातल्या माझ्या फक्त एक.

फॉर्मपण झाला, पुस्तकाचं नाव, लेखक, कोणाकडे दिलं. पोस्ट होतं, डेटाबेसमध्ये जातं, यादी दिसते. आता हे रोज वाचनालयात तीन-चार जण एकाच वेळी वापरतील, तर त्यासाठी काही वेगळं करावं लागतं का? सध्या मी पुस्तकाचं नाव क्लासच्या वर फील्डमध्ये ठेवलंय म्हणजे डूपोस्टमध्ये भरतो आणि मग दुसऱ्या मेथडमध्ये वापरतो, प्रत्येकवेळी पॅरामीटर पाठवायला नको म्हणून.

अबोली:
थांब! ते फील्ड आत्ताच्या आत्ता काढ. मी हे रागावून नाही म्हणत, मी याच्यामुळे एकदा लोकांचा विश्वास जाताना बघितलाय म्हणून म्हणते.

टॉमकॅट तुझ्या सर्व्हलेटचा ऑब्जेक्ट एकच बनवतो. एकच. दहा जण आले तरी त्याच एका ऑब्जेक्टच्या डूपोस्टमध्ये दहा थ्रेड एकाच वेळी घुसतात. म्हणजे फील्ड सगळ्यांचं सामाईक. परत गिरणी आठव, प्रत्येकाचा डबा वेगळा असतो म्हणून ज्याचं पीठ त्याला मिळतं, तू सगळ्यांचं दळण एका घमेल्यात ओतायला निघालायस.

करून बघ. डूगेटमध्ये पॅरामीटरमधून नाव घे, फील्डमध्ये ठेव, थ्रेड पाच सेकंद झोपव, मग फील्डमधलं नाव रिस्पॉन्समध्ये लिही. आता दोन वेगळे ब्राउझर उघड, एकात नाव सुनीता दे, लगेच दोन सेकंदांत दुसऱ्यात नाव रमेश दे, आणि वाट बघ. दोन्हीकडे रमेश येईल. सुनीताच्या स्क्रीनवर रमेश. त्याच ठिकाणी थ्रेडचं नाव आणि धिसचा हॅशकोड पण कन्सोलवर छाप, थ्रेडचं नाव एचटीटीपी-एनआयओ-८०८०-एक्झेक च्या पुढे आकडा असं बदलत राहील आणि हॅशकोड जागचा हलणार नाही. टॉमकॅट नुसता सुरू केला तरी असे दहा थ्रेड तयार ठेवतो आणि गर्दी वाढली की २०० पर्यंत जातो, हे डिफॉल्ट आकडे आहेत.

मी नोकरीला लागून वर्ष झालं होतं तेव्हा एका पतसंस्थेचं पोर्टल आमच्याकडे दुरुस्तीला आलं. तक्रार अशी की कधीकधी सभासदाला दुसऱ्याच्याच खात्याची शिल्लक दिसते. टेस्टिंगला एकदाही होत नव्हतं कारण टेस्ट करणारा एकटाच असायचा. महिन्याच्या पहिल्या तारखेला, पेन्शन जमा होते त्या दिवशी, हमखास व्हायचं. एक म्हातारे आजोबा दोन बस बदलून ऑफिसात आले होते, हातात प्रिंट, त्यावर नाव त्यांचं आणि रक्कम दुसऱ्याची, आणि ते विचारत होते की माझे पैसे गेले का. पैसे कुठेही गेले नव्हते, डेटाबेस चोख होता. सर्व्हलेटच्या वर खाते क्रमांकाचं एक प्रायव्हेट फील्ड होतं, अगदी तुझ्यासारखं, पॅरामीटर पाठवायचा कंटाळा म्हणून. आम्ही ते मेथडच्या आत नेलं, तीन ओळी बदलल्या, प्रश्न संपला. पण त्या आजोबांना समजावायला अर्धा तास लागला आणि तरी त्यांचा चेहरा निवळला नाही.

तर, एका रिक्वेस्टपुरतं जे आहे ते मेथडच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचं. एका माणसाच्या अनेक रिक्वेस्टमध्ये टिकायला हवं ते सेशनमध्ये. सगळ्यांचं सामाईक आणि न बदलणारं असेल तेवढंच फील्डमध्ये. जेडीबीसीचं कनेक्शनपण फील्डमध्ये एकच उघडून ठेवू नकोस, तोही याच खड्ड्यातला दगड आहे, पूल (तयार कनेक्शनचा साठा) वापर. आणि क्वेरीत नाव जोडून स्ट्रिंग करत असशील तर ते बंद कर, प्रिपेअर्डस्टेटमेंट (क्वेरी आणि त्यातली नावं वेगळी पाठवायची पद्धत) घे.

बिल्ड_फेल:
ताईंनी सेशन म्हटलं त्याबद्दल एक, कारण मला ते समजायला फार वेळ लागला होता. एचटीटीपीला काही आठवत नाही, प्रत्येक रिक्वेस्ट नवीनच माणूस. म्हणून तू गेटसेशन म्हटलंस की टॉमकॅट स्वतःच्या मेमरीत एक कप्पा करतो, त्याला एक लांबलचक आयडी देतो आणि तो आयडी जेसेशनआयडी नावाच्या कुकीत घालून ब्राउझरकडे पाठवतो. पुढच्या वेळेपासून ब्राउझर तेवढी चिठ्ठी परत आणतो. माणूस ओळखत नाही, चिठ्ठी ओळखतो. एफ१२ दाबून कुकीवाल्या टॅबमध्ये ती पुसून टाक आणि पान रिफ्रेश कर, लॉगिन गेलेलं दिसेल. ३० मिनिटं कोणी हललं नाही तर टॉमकॅट कप्पा फेकून देतो, ते बदलता येतं.

अजून एक, पुस्तक सेव्ह झाल्यावर तू त्याच डूपोस्टमधून यादी छापतोयस का? मग रिफ्रेश दाबलं की ब्राउझर तोच फॉर्म परत पाठवायचं विचारेल, ग्रंथपालाने हो म्हटलं की पुस्तक दोनदा नोंदलं गेलं. सेव्ह झालं की सेंडरीडायरेक्ट करून यादीच्या पत्त्यावर पाठव, मग रिफ्रेश होतो तो यादीचा. एकच पुस्तक तीनदा ही तुझ्या रजिस्टरचीच तक्रार होती ना.

नांदेडी_जावा:
सुनीता-रमेश केलं. अंगावर काटा आला खरंच. फील्ड काढलं, रीडायरेक्ट लावलं, प्रिपेअर्डस्टेटमेंट आधीपासून होतं.

पण आज नवीनच झालं. घरी टॉमकॅट १० आहे, तिथे मराठी व्यवस्थित दिसत होती. कॉलेजच्या लॅबमध्ये टॉमकॅट ९ आहे आणि सरांना तिथेच दाखवायचं होतं, म्हणून इम्पोर्ट परत जावाएक्स केले, चाललं, पण मराठीचा चुराडा झाला. आणि गंमत म्हणजे एकाच पानावर दोन प्रकारचा. वर हेडिंग मी सर्व्हलेटमध्येच लिहिलंय "पुस्तक नोंद", तिथे नुसती प्रश्नचिन्हं, सहा, मग जागा, मग चार. आणि फॉर्ममध्ये टाइप केलेलं पुस्तकाचं नाव मात्र प्रश्नचिन्हं नाही, डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चलनासारखं एक चिन्ह असं परत परत, खूप लांब. सर म्हणाले नावं इंग्रजीतून टाक. पण गावच्या वाचनालयात पुस्तकं मराठी आहेत, वाचणारे मराठी आहेत, मी इंग्रजीतून कशी टाकू? एकच कोड घरी चालतो आणि लॅबमध्ये नाही हे कसं?

अबोली:
इंग्रजीतून अजिबात टाकू नकोस. हे पूर्ण सुटतं, आणि तू जे बारकाईने लिहिलंयस त्यातच उत्तर आहे. दोन प्रकारचा चुराडा म्हणजे दोन वेगळे आजार.

प्रश्नचिन्हं आधी. सर्व्हलेटच्या जुन्या नियमाप्रमाणे तू काहीच सांगितलं नाहीस तर गेटरायटर जे लिहितो ते आयएसओ-८८५९-१ मध्ये. त्या तक्त्यात देवनागरी नाहीच. मग जावा प्रत्येक न मावणाऱ्या अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह टाकतं. पुस्तक हा शब्द युनिकोडमध्ये प, उकार, स, हलंत, त, क असा सहा खुणांचा, नोंद चार खुणांचा, म्हणून सहा आणि चार. इथे माहिती मेली, त्या पानातून ती परत मिळत नाही.

दुसरा आजार उलटा. ब्राउझरने तुझं पुस्तकाचं नाव यूटीएफ-८ मध्ये बरोबर पाठवलं, देवनागरीची प्रत्येक खूण तिथे तीन बाइटची असते. टॉमकॅट ९ ने पोस्टचा मजकूर परत आयएसओ-८८५९-१ समजून वाचला, म्हणजे एकेक बाइट म्हणजे एकेक अक्षर. आपल्या बऱ्याच अक्षरांचे पहिले दोन बाइट सारखेच असतात म्हणून तो टोपीवाला ए आणि ते चिन्ह परत परत दिसतं. इथे माहिती जिवंत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचली. खात्री करायची असेल तर फॉर्ममध्ये मराठी हा शब्द टाक आणि गेटपॅरामीटरने आलेल्या स्ट्रिंगची लेंग्थ छाप. ५ आली तर बरोबर वाचलं, १५ आली तर हाच आजार. लेंग्थच छाप, शब्द छापू नकोस, कारण विंडोजचं काळं कन्सोल चांगली मराठीपण प्रश्नचिन्हं करून दाखवतं आणि मग आपण नसलेला आजार शोधत बसतो.

घरी का चाललं, तर टॉमकॅट १० च्या कॉन्फ फोल्डरमधल्या वेब डॉट एक्सएमएलमध्ये रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स दोन्हीचं एन्कोडिंग यूटीएफ-८ असं आधीच लिहून ठेवलंय. ९ मध्ये ते नाही. तू काही न सांगता घरी चालत होतं, ते टॉमकॅटने तुझ्यासाठी सांगितलं होतं म्हणून.

उपाय दोन ओळींचा, पण जागा चुकली तर चालत नाही. डूपोस्टच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या गेटपॅरामीटरच्या आधी, रिक्वेस्टवर सेटकॅरेक्टरएन्कोडिंग यूटीएफ-८. आणि गेटरायटर बोलवायच्या आधी रिस्पॉन्सवर सेटकंटेंटटाइप, त्यात टेक्स्ट स्लॅश एचटीएमएल सेमीकोलन चारसेट यूटीएफ-८. नंतर लिहिलंस तर एरर येत नाही, नुसतं दुर्लक्ष होतं. प्रत्येक सर्व्हलेटमध्ये परत लिहायला नको म्हणून एक फिल्टर कर, सगळ्या पत्त्यांना लाव आणि त्यात लिही. फिल्टर कशासाठी असतात हेही त्यातून कळेल, तुझ्या वहीतल्या स्टॅक ट्रेसमध्ये फिल्टर चेन आहे बघ, तो तिथेच बसतो, सर्व्हलेटच्या आधी.

मग डेटाबेस. लॅबचं मायएसक्यूएल जुनं असेल तर टेबलचं कॅरेक्टर सेट लॅटिन१ असू शकतं, तिथे कधी एरर येते, कधी मुकाट्याने प्रश्नचिन्हं साठतात. टेबल यूटीएफ८एमबी४ कर. आवृत्ती ८ मध्ये ते डिफॉल्ट आहे. आणि सोर्स फाइलपण यूटीएफ-८ मध्ये सेव्ह असल्याची खात्री कर, पॉममध्ये सोर्स एन्कोडिंगची ओळ टाक.

नीरा_उजवा_कालवा:
मध्येच बोलतो, मी इथे नुसता वाचत असतो. आमच्या तालुक्याच्या एका ऑफिसात असंच सॉफ्टवेअर आलं होतं, त्यात सगळ्या शेतकऱ्यांची नावं प्रश्नचिन्हं झाली आणि मग बाहेरून आलेल्या पोरांनी ती इंग्रजीत टाकली, माझ्या वडलांच्या नावाची तीन स्पेलिंग तीन कागदावर आहेत आजपण, त्यासाठी अ‍ॅफिडेव्हिट करावं लागलं. दोन ओळींचं काम होतं हे आज कळलं. पोरा तू नावं मराठीतच ठेव.

नांदेडी_जावा:
काका, ठेवली. फिल्टर लावला, लॅबमध्ये लेंग्थ १५ ची ५ झाली तेव्हा मी जोरात ओरडलो, बाजूचे बघायला लागले. सरांना दाखवलं, सरांनी स्वतः फिल्टरचा कोड मागून घेतला, पुढच्या बॅचला देणार म्हणाले. शनिवारी वाचनालयात जाऊन ग्रंथपाल काकूंकडून दीडशे पुस्तकं टाकून घेतली, त्यांनी स्वतः टाइप केली, मी नुसता शेजारी बसलो. एक पुस्तक पण दोनदा गेलं नाही.

काल रात्री स्प्रिंग बूटचं एक रिकामं प्रोजेक्ट घेतलं, तिथे मेन दिसली आणि बरं वाटलं. मग परत तोच प्रयोग, कंट्रोलरच्या मेथडमध्ये एक्सेप्शन फेकलं, खालून वर वाचलं, तर सगळे ओळखीचेच, तेच कोयोटी अ‍ॅडॅप्टर, तेच व्हॉल्व, तीच फिल्टर चेन, तेच एचटीटीपीसर्व्हलेटचं सर्व्हिस, आणि त्याच्या वर डिस्पॅचरसर्व्हलेट. म्हणजे बूटची मेन टॉमकॅटलाच आतून सुरू करते आणि माझ्या सगळ्या कंट्रोलरच्या पुढे ते एकच सर्व्हलेट उभं असतं, बरोबर ना? मग माझा प्रश्न असा की कंट्रोलरचा ऑब्जेक्टपण एकच असतो का, सुनीता-रमेश तिथेही होईल का?

अबोली:
दोन्ही बरोबर. आणि हो, होईल. कंट्रोलर लावलेला क्लास स्प्रिंग डिफॉल्टने एकदाच बनवतं, सर्व्हिस आणि रिपॉझिटरीचंही तसंच. फील्डमध्ये फक्त दुसरे सर्व्हिस-रिपॉझिटरी ठेव, ते फायनल कर आणि कन्स्ट्रक्टरमधून घे, माणसाचं नाव-गाव तिथे ठेवायचं नाही. ज्या दोघांचं आधीपासून बूटवर चालतंय त्यांनाही त्यांच्या लॅपटॉपवर पाच सेकंदांचा प्रयोग करून दाखव. आणि बूट ३ घेतलं असशील तर जावा १७ किंवा पुढचं लागेल आणि इम्पोर्ट जकार्ताचेच, लॅबच्या मशीनवर आधी आवृत्ती बघून घे.